विनंती बदली

सरकारी नोकरीवर लाथ मारून कलेच्या मागे लागलेला माणूस पनवेलात पाहायचा असेल, तर सकाळी सहाला वडाळे तलावावर जाण्यात अर्थ नाही. तिथे भेटतात ते लाथ मारायची इच्छा तीस वर्षं दाबून धरलेले आणि अठ्ठावन्न पूर्ण होताच शाल, श्रीफळ घेऊन रीतसर कलेकडे वळलेले. तलावाला एक फेरी होईपर्यंत कानावर दोन गझला, एका कादंबरीचं चौथं प्रकरण आणि एका आत्मचरित्रातलं 'माझी पहिली बदली' एवढा ऐवज पडतो. दुसऱ्या फेरीला थांबलात तर प्रस्तावना लिहून मागतात.

पनवेलात ही मंडळी इतकी का, याला कारण आहे. सिडको, एसटी, रेल्वे, वीज मंडळ, महसूल, न्हावाशेव्याचं बंदर, शिवाय कोकण भवनापासून मंत्रालयापर्यंतच्या कचेऱ्या, या सगळ्यांची माणसं इथे फ्लॅट घेऊन राहिली. त्यात हार्बरची लोकल पनवेलहूनच सुटते, म्हणून सकाळी पनवेलकराला बसायला जागा मिळते. सीएसएमटीपर्यंत सव्वा-दीड तास हाताशी. डोंबिवलीला लटकत चढणाऱ्याला फार तर राजकारण सुचतं. खिडकीशी बसलेल्याला कविता सुचते. हे तीस वर्षं चालल्यावर माणसाचा संग्रह निघणारच, त्याला कोणी काही करू शकत नाही. शिवाय आमच्या गावात 'मिडलक्लास सोसायटी' या नावाची खरीखुरी वसाहत आहे. मराठी नाटकाचा प्रेक्षक कुठे गेला यावर परिसंवाद घेणाऱ्यांनी एकदा रिक्षा करून तिथवर यावं.

सरकारलाही कलेचं वावडं आहे असं नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ उघडून बघा. सरकारी नोकराला खासगी धंदा करता येत नाही, दुसरी नोकरी करता येत नाही. पण साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाचं काम त्याला प्रसंगोपात्त करता येतं. अट एवढीच की त्यामुळे सरकारी कर्तव्याला बाधा येता कामा नये. आणि शासनाने सांगितलं तर ते काम बंद करावं लागतं. ही शेवटची तरतूद काही कवींच्या बाबतीत वापरायला हवी होती, असं माझं मत आहे. पण शासनही एवढं कठोर नसतं.

आमच्या सोसायटीतल्या रावसाहेबांनी मात्र हा नियम अक्षरशः पाळला. महसुलात नायब तहसीलदाराला रावसाहेब म्हणतात, आणि खुर्ची गेली तरी ते नाव जात नाही. नोकरीत असताना यांनी एक ओळही लिहिली नाही, कर्तव्याला बाधा येईल म्हणून. निवृत्त झाले, पेन्शनचा काही भाग विकून हाती पैसे आले, आणि दुसऱ्या महिन्यात त्यांनी आम्हाला तीन अंकी नाटक वाचून दाखवलं. नायकाच्या घराचं वर्णन असं होतं: 'पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस गणपत यांची मिळकत, दक्षिणेस ओहोळ, उत्तरेस नायिकेचे माहेर.' दुसऱ्या अंकात नायिका प्रेमाची कबुली देते. तिथे रावसाहेबांनी कंसात सूचना लिहिली होती: 'समक्ष विचारले असता नायिकेने सदर इसम आपणास पसंत असल्याचे कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वखुशीने सांगितले.' आम्ही हसलो. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, नाटकांतून चंद्र, मोगरा आणि पाऊस यांच्या साक्षीने चाललेली जी प्रेमं आपण पाहिली, त्यांत एकालाही नायिकेला समक्ष विचारावंसं वाटलेलं आठवत नाही.

कचेरीत काम केलेल्या माणसाला लिहायला येत नाही, हा समज मुळातच चुकीचा. ज्याने वादळात पडलेल्या घराचा पंचनामा केलाय, त्याला भिंत कुठे होती, मडकी किती फुटली, म्हातारी काय म्हणाली आणि ओट्यावर कोण रडत होतं हे एका पानात बसवता येतं. विश्वास पाटील सनदी अधिकारी होते. धरणग्रस्तांवरच्या त्यांच्या 'झाडाझडती'ला १९९२ सालचं साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. लक्ष्मीकांत देशमुख आणि भारत सासणे हेही प्रशासनातले. एक २०१८ साली बडोद्याच्या, दुसरे २०२२ साली उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हापासून वडाळे तलावावर संमेलनाध्यक्षपदाची चर्चा साधारण 'पुढचं पोस्टिंग' या शब्दांत होते.

खरं म्हणजे राजेरजवाडे गेल्यावर मराठी कलेला पोसलं ते महिन्याच्या पगाराने. रंगभूमीचा इतिहास लिहिणारे गंधर्व, ललितकलादर्श या मंडळ्यांची नावं आदराने घेतात. बेस्टचं नाव कोणी घेत नाही. 'गारंबीचा बापू' आणि 'रथचक्र' लिहिणारे श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये नोकरीला होते. प्रशांत दामले बेस्टमध्ये होते. शरद पोंक्षेही बेस्टमध्येच. बस वेळेवर आली नाही म्हणून आपण स्टॉपवर उभे राहून जे बोलतो, ते बोलण्यापूर्वी एवढा विचार करावा: त्या वेळी आत कुठेतरी कोणाचा तरी दुसरा अंक चाललेला असेल. व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होते. दिवसभर लोकांच्या घरांचे नकाशे पाहायचे आणि संध्याकाळी त्याच घरांत नवरा-बायको काय बोलत असतील ते लिहायचं. एवढी सोय कुठल्या साहित्यिकाला मिळते?

आता ज्यांनी खरोखर सोडली त्यांच्याबद्दल. मामा वरेरकर टपाल खात्यात होते. ती नोकरी सोडून ते नाटकं लिहायला लागले आणि १९५६ साली राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं. म्हणजे इंग्रज सरकारची नोकरी सोडली आणि स्वराज्याने थेट संसदेत बसवलं. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते. तिथून निघाले आणि पडद्यावर पाटील झाले, सरपंच झाले, साखर कारखान्याचे चेअरमन झाले. सरकारी सेवेत चतुर्थ श्रेणीतून इतकी झपाट्याने पदोन्नती मिळाल्याचं दुसरं उदाहरण नाही. आणि शिवाजीराव गायकवाड नावाचा एक मराठी घरातला तरुण बेंगळुरूच्या सिटी बसमध्ये कंडक्टर होता. तो मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेला, १९७५ साली त्याचा पहिला सिनेमा आला आणि नाव पडलं रजनीकांत. हा दाखला पनवेल एसटी स्टँडवर फार लोकप्रिय आहे. गर्दीच्या वेळी पळस्पे फाट्यापर्यंत एका पायावर उभं राहून, डोळ्यांनी सुट्टे मागत, कोपराने माणसं मागे सारत तिकीट फाडणारा कंडक्टर पाहिला, की मलाही वाटायचं, याला कोणीतरी मद्रासला न्यायला हवं होतं. आता तिकिटाचं यंत्र आलं. ते हातात धरून रुबाब करता येत नाही, हे या यंत्रणेचं खरं नुकसान.

परदेशातला दाखला हवा असेल तर अँथनी ट्रोलॉप घ्या. हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात होता. १८५२ साली पनवेलला नगरपालिका आली, त्याच वर्षी याच्या शिफारशीवरून जर्सी बेटावर रस्त्याकडेच्या टपालपेट्या उभ्या राहिल्या. हा गृहस्थ पहाटे उठून, घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द या हिशेबाने कादंबरी लिहायचा आणि मग ऑफिसला जायचा. १८६७ साली त्याने राजीनामा दिला. साठीला मिळणारी पेन्शन त्यात गेली. मी हे रावसाहेबांना सांगितलं. पाव तासाला २५० शब्द हा भाग त्यांना फार आवडला, तशी नोंदवही त्यांनी आखूनही घेतली. पेन्शन गेल्याचं ऐकून मात्र ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लेखक मोठा असेल; पण घरचं कोणी सांगणारं नव्हतं."

रावसाहेबांच्या घरी सांगणारं आहे. नाटक बसवायचा विषय निघाला तेव्हा वहिनींनी संहिता मागितली नाही, नटांची नावं विचारली नाहीत. "अहो, पेन्शन चालू राहणार ना?" एवढाच प्रश्न केला, आणि होकार मिळताच चहा टाकायला आत गेल्या. वित्त विभागाची मान्यता इतक्या लवकर मिळाल्याचं रावसाहेबांच्या आयुष्यात दुसरं उदाहरण नाही.

महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग लावण्यापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या अर्जांत त्रुटी काढल्या, त्याने आता स्वतःचा अर्ज भरायचा होता. रावसाहेबांनी त्याची जय्यत तयारी केली. प्रत्येक पानावर सही, पृष्ठांकन, सोबतच्या कागदांची यादी, यादीची यादी. त्रुटीचं पत्र आलं तर काय उत्तर द्यायचं त्याचे मसुदेही तयार. आणि प्रमाणपत्र एकही शंका न काढता आलं. आम्ही पेढे मागितले, तर रावसाहेब खिन्न. "एकही शेरा नाही," ते म्हणाले. "मी असतो तर निदान चर्चेला बोलावलं असतं."

तालमी सोसायटीच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सातनंतर. दिवे वीज मंडळातून निवृत्त झालेल्या वायरमनकडे. ते घरून काठी आणि रबरी हातमोजे घेऊन येतात. नायिकेचं काम करणाऱ्या शिक्षिकाबाईंना निवडणुकीची ड्युटी लागली, तेव्हा नायिकेचा अतिरिक्त कार्यभार तिच्या आईकडे सोपवण्यात आला, तसा लेखी आदेशही निघाला. दिग्दर्शनाच्या सूचना रावसाहेब संहितेच्या समासात हिरव्या शाईने लिहितात. 'रडणे वाढवावे.' 'सदर हास्य अनावश्यक वाटते, चर्चा करावी.' 'पाहिले.'

पण तालमीचा खरा रंग चढला नाना आल्यावर. नाना म्हणजे रावसाहेबांचे जुने शिपाई. राज्य सरकारात अधिकारी अठ्ठावन्नला निवृत्त होतो आणि शिपाई साठाव्या वर्षी, त्यामुळे ते कलेच्या क्षेत्रात उशिरा दाखल झाले. नाटकात कलेक्टरांचं छोटं काम आहे. ते करायला कोणी मिळेना म्हणून रावसाहेबांनी नानांना उभं केलं.

नाना आले, खुर्चीपाशी गेले आणि मागे न पाहता बसले. रावसाहेब म्हणाले, "नाना, खुर्ची तरी बघ, पडशील."

"साहेब खुर्ची बघत नसतात, साहेब," नाना म्हणाले. "खुर्ची आहे का नाही ते बघणारा दुसरा असतो. तो मी होतो."

मग त्यांनी समोरची फाइल ओढली. उघडली नाही, नुसती चार बोटांनी एक इंच बाजूला सरकवली. चष्मा कपाळावर नेला. मान वर न करता "हं?" म्हणाले. संहितेत त्यांना दहा ओळींचं भाषण होतं. नानांनी तो सगळा मजकूर त्या एका 'हं'मध्ये संपवला. हॉलमध्ये शांतता झाली, आणि माझं लक्ष गेलं तेव्हा आमचे दिग्दर्शक हातातली संहिता छातीशी धरून, पाय जुळवून, अर्धे वाकून उभे होते. "सर, तो अहवाल उद्यापर्यंत..." असं काहीसं त्यांच्या तोंडून निघूनही गेलं.

अधिकाऱ्यांनी सरकार चालवलं असेल, पण ते पाहिलं शिपायांनी. दाराबाहेरच्या स्टुलावर बसून पस्तीस वर्षं ज्याने बेल, खाकरणं, खुर्चीचा कुरकुराट आणि 'आत पाठव'चे बारा प्रकार ऐकले, त्याला अभिनय शिकवायला नाट्यशिबिराची गरज काय? माझं तर मत झालं आहे की रंगभूमीवर लोकसेवकांना आणायचंच असेल तर वर्ग एकपासून नव्हे, वर्ग चारपासून सुरुवात करावी.

हे सगळं सुरळीत चाललं असताना रावसाहेबांचा भाचा आला. मुलगा हुशार. कॉलेजात असताना एकांकिका केल्या, अटल करंडक स्पर्धेत आमच्याच गावच्या नाट्यगृहात काम करून गेलेला. पुढे आईसाठी अभ्यास केला, परीक्षा पास झाला, मुंबईत सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागला. तो तालमीत बसून म्हणाला, "मामा, मी राजीनामा देतोय. मालिका लिहिणार."

मराठी रंगभूमीच्या सेवेत रंगलेला तो हॉल क्षणात पूर्वीच्या कचेरीत गेला. वायरमननी हातमोजे काढले. नायिकेच्या आईने "अगं बाई!" म्हटलं, ते संहितेत नव्हतं, पण तिच्या सगळ्या भूमिकेत तेवढंच जिवंत होतं.

"लग्नाचं काय?" रावसाहेबांनी विचारलं.

"मामा, तुम्ही पण नाटकच करताय ना?"

"मी सेवा पूर्ण करून करतोय! तूही कर. वीस वर्षं अर्हताकारी सेवा भर, तीन महिन्यांची नोटीस दे, स्वेच्छानिवृत्ती घे आणि हो काय व्हायचं ते. कोण अडवतंय?"

"आणि वीस वर्षांनी मला सुचायचंच बंद झालं तर?"

"मग प्रश्नच मिटला," रावसाहेब म्हणाले. "अठ्ठावन्नपर्यंत थांब."

इतका वेळ कलेक्टरांच्या खुर्चीत बसून राहिलेले नाना हळूच म्हणाले, "आमच्या गावच्या फडक्यांनी तरी कुठं वीस वर्षं भरली, साहेब?"

नाना शिरढोणचे. वासुदेव बळवंत फडके तिथे १८४५ साली जन्मले. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, आणि नातू पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून. आई आजारी पडली, त्यांनी रजा मागितली, साहेबाने दिली नाही. ते पोचले तेव्हा आई गेली होती. पुढचं महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८७९ साली त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड उभारलं आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात देह ठेवला. त्यांच्या त्यागाशी आमच्या नाटकवेडाची तुलना करण्याचा उद्धटपणा कोणी करणार नाही. पण एक गोष्ट खरी: ज्या नाट्यगृहात रावसाहेबांचा प्रयोग लागणार आहे, त्याला आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचं नाव आहे, आणि ते नाव मुदतीआधी सरकारी नोकरी सोडलेल्या कारकुनाचं आहे. कारकुनाची रजा विनाकारण नाकारू नये, हा धडा इंग्रजांना महागात मिळाला. आपल्या आस्थापना शाखांपर्यंत तो अजून पोचायचा आहे.

नानांच्या वाक्यावर रावसाहेबांनी काहीच शेरा मारला नाही. भाच्याने राजीनामा दिला. त्याला आता चार महिने झाले. रोजच्या मालिकेचे संवाद लिहितो. परवा भेटला तेव्हा त्याने मोबाइल दाखवला. वाहिनीकडून रात्री अकराला आलेला मजकूर: 'सासूचं रडणं वाढवा. नायकाचा विनोद नको, उद्या बोलू.' मामाच्या समासातला आणि भाच्याच्या मोबाइलमधला शेरा शेजारी ठेवले तर कोणाचा कुठला ते ओळखता येणार नाही. राज्य सरकारात २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. मालिकेत रविवारही नाही. सरकारात बिलं वेळेवर निघत नाहीत म्हणून चिडणारा हा मुलगा आता कामाचे पैसे नव्वद दिवसांनी घेतो. "मग परत जावंसं वाटतं का रे?" मी विचारलं. "छे," तो म्हणाला. "तिथे मी लिहिलेलं कोणी वाचत नव्हतं. इथे निदान खोडतात." बोलता बोलता तो तिसऱ्यांदा जांभई देत होता आणि इतका खूश होता की मला उगाच हेवा वाटला. त्याची आई अजून बोलत नाही. पण मालिका रोज बघते.

तर सांगायचं ते हे. रावसाहेबांच्या नाटकाचा पहिला प्रयोग दिवाळीनंतर, फडके नाट्यगृहात. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्याच महिन्यात मुद्दाम ठेवला आहे, म्हणजे बाहेरगावची मंडळीही पनवेलात असतील. नानांच्या त्या 'हं'साठी तरी या आणि तिकीट काढून या. फुकट पासची सोय आहे. पण त्यासाठी अर्ज दोन प्रतींत, फोटो चिकटवून, रेशनकार्डाच्या झेरॉक्ससह प्रयोगाच्या पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि आतापर्यंत आलेल्या सगळ्या अर्जांत त्रुटी निघाल्या आहेत.